हवेशीर घर: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरदुरुस्तीच्या कामानिमित्त मी रोज कुणाच्या ना कुणाच्या घरात असतो. कधी शिवाजी पेठेतलं जुनं दुमजली घर, कधी राजारामपुरीतला बंगला, कधी शहराबाहेरचा नवाकोरा फ्लॅट. बोलावणं येतं ते ओलीसाठी, भिंतीच्या पोपड्यांसाठी, कपाटातल्या कुबट वासासाठी. पाहणी केली की पुष्कळदा दोष प्लास्टरचा नसतो, घरात हवा खेळत नाही हा असतो. प्रश्नही बहुतेक तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आमच्या घराला सात खिडक्या आहेत. तरी आत कोंदट का वाटतं?

खिडक्या किती हे सोडा, वाऱ्याला वाट आहे का ते बघा. वारा एका भिंतीवर येऊन आदळतो तेव्हा त्या बाजूला हवेचा दाब वाढतो आणि घराच्या पाठीमागे तो कमी होतो. या फरकावर हवा घरातून आरपार जाते. एका बाजूची खिडकी उघडी आणि बाकी सगळं बंद असेल, तर फुगलेल्या पिशवीत फुंकर मारल्यासारखं होतं. आत जागाच नसते, मग वारा बाहेरच्या बाहेर वळतो. सातपैकी पाच खिडक्या एकाच भिंतीत असतील किंवा मधल्या खोल्यांची दारं दिवसभर लावलेली असतील, तर सात काय न् दहा काय.

अंबाबाईचा किरणोत्सव आपल्याला माहीत आहे. मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात, कारण ती सगळी वाट एका रेषेत आहे. मध्ये काही आलं की किरण अडतात, म्हणून दरवेळी आधी अडथळ्यांची पाहणी होते. वाऱ्याचं थोडं वेगळं आहे. त्याला सरळ रेष लागत नाही, तो कोपऱ्यावरून वळतो, बोळातून जातो. पण किरण गाभाऱ्यात येऊन थांबतात तसा वारा घरात येऊन थांबत नाही. त्याला पलीकडे दुसरं दार लागतंच.

तुमच्या घरात अशी वाट आहे का हे बघायला एक उदबत्ती पुरते. पंखे बंद करा, खिडक्या आणि आतली दारं उघडा, उदबत्ती हातात धरून घरभर हळूहळू चाला. धूर सरळ वर जाऊन छताखाली पसरला तर तिथली हवा थांबलेली आहे. तो आडवा होऊन निघाला तर त्याच्या मागोमाग जा आणि कुठे घुटमळतो ते बघा. मंगळवार पेठेतल्या एका घरात हा धूर बैठकीच्या खोलीतून छान निघाला, माजघर ओलांडलं आणि एका शोकेसच्या पाठीशी जाऊन गोल गोल फिरायला लागला. शोकेस सरकवली तर मागे दोन फुटांची एक खिडकी निघाली. मुलाच्या लग्नात फर्निचर केलं तेव्हापासून ती झाकलेली होती. शोकेस दुसऱ्या भिंतीला लावायची मजुरी सोडली तर त्या घराला दुसरा खर्च आला नाही.

पंखा आहेच की. मग बाहेरच्या हवेचा वेगळा फायदा काय?

पंखा आहे तीच हवा फिरवतो. अंगाला वारा लागतो, घाम सुकतो, दोन-तीन अंश गार वाटतं. ते खरंच आहे. पण हवा बदलत नाही.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे दहा लाख भागांत ४२०. दहा बाय बाराच्या खोलीत दोघं नवरा-बायको आणि एक मूल दार-खिडक्या लावून झोपले की पहाटेपर्यंत हा आकडा सहज २००० च्या पुढे जातो. जर्मनीच्या मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली घरातल्या चांगल्या हवेसाठी १००० ही मर्यादा सुचवली होती आणि आजही ती हाताशी धरायला सोयीची आहे. सकाळी उठल्यावर डोकं जड, झोप पुरी न झाल्यासारखं वाटणं, खोलीत शिरणाऱ्याला येणारा अंथरुणाचा वास, या सगळ्यामागे हीच साचलेली हवा असू शकते.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती लोकांच्या लक्षात येत नाही. चार माणसांच्या घरात श्वास, घाम, आंघोळ, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला कित्येक लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. नुसता गॅस जळतानासुद्धा पाणी तयार होतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघरात सुटलेलं असतं. हे पाणी बाहेर गेलं नाही तर सगळ्यात गार भिंतीवर जाऊन बसतं, आणि मग तुम्ही मला ओलीसाठी फोन करता.

आणि आजारपण. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

कोल्हापुरात वारा येतो कुठून?

पावसाळ्यात पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून, गगनबावड्याच्या बाजूने. उन्हाळ्यातली संध्याकाळची ती गार झुळूकही पश्चिमेचीच. रंकाळ्यावर बसणाऱ्याला हे सांगायला नको. थंडीत वारा फिरतो आणि पूर्व-ईशान्येकडून येतो. म्हणून आपल्याकडे पश्चिम आणि पूर्व या दोन बाजूंना उघडणारं घर वर्षभर चालतं. अर्थात पेठेतल्या बोळात वारा दिशा बघत नाही, बोळ जाईल तिकडे जातो. तिथे शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेलं धोतर कुठे उडतंय ते चार दिवस बघा, तेच तुमचं वेधशाळेचं यंत्र.

वास्तूप्रमाणे पश्चिमेची खिडकी नको म्हणतात. बुजवू का?

श्रद्धा तुमची आहे, तिच्यावर मी बोलत नाही. पण ज्या गावात वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेचा, तिथे पश्चिमेची खिडकी विटांनी बुजवणं म्हणजे घराचं नाक दाबणं. त्या बाजूचा खरा त्रास दुपारच्या उन्हाचा आणि पावसाच्या झडीचा असतो. त्यासाठी खोल छज्जा करा, बाहेरून बांबूची चटई सोडा, समोर एखादं झाड लावा. खिडकी राहू द्या.

खिडकी किती मोठी हवी?

राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश आणि मध्यम हवामानासाठी एक अष्टमांश इतकी खिडक्यांची उघडी जागा सांगितली आहे, दारं सोडून. कोल्हापूर उन्हाळ्यात एका टोकाला आणि जुलैत दुसऱ्या, म्हणून मी एक षष्ठांशच धरतो. दहा बाय बाराच्या खोलीला वीस चौरस फूट.

आता तुमच्याकडची खिडकी मोजा. चार बाय चारची असेल तर सोळा फूट झाले. पण ती दोन पल्ल्यांची स्लायडिंग असेल तर एका वेळी एकच पल्ला उघडतो, म्हणजे हातात उरले आठ. नव्या फ्लॅटमध्ये सगळीकडे हेच झालंय. जुन्या घरांत गजांच्या खिडकीला दोन्ही झडपा सताड उघडणारी लाकडी चौकट असायची आणि ती पूर्ण सोळा फूट वारा द्यायची. स्लायडिंग दिसायला सुटसुटीत आहे, जागा अडवत नाही, हे मान्य. पण निवड तुमच्या हातात असेल तर निदान झोपायच्या खोलीला बिजागरीची खिडकी घ्या. फॅब्रिकेटर कुरकुर करेल, आग्रह धरा.

आमच्या फ्लॅटला एकाच बाजूने खिडक्या आहेत. काहीच होणार नाही का?

होतं, थोडं कष्टाने. एकाच भिंतीत दोन खिडक्या असतील तर दोन्ही उघड्या ठेवा आणि शक्य तितक्या लांबच्या निवडा. एकच असेल तर तिचा वरचा भाग आणि खालचा भाग दोन्ही उघडतील असं करा. गरम हवा वर चढते, ती वरून जाते आणि खालून गार येते. मुख्य दाराला जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर संध्याकाळी आतलं लाकडी दार उघडून ठेवा, जिन्याच्या बाजूने वाट मिळते. तेही जमत नसेल तर टेबल फॅन खिडकीपाशी ठेवून त्याचं तोंड बाहेर करा. लोक तो आत तोंड करून ठेवतात. बाहेर तोंड केला की तो खोलीतली हवा ओढून फेकतो आणि ताजी हवा बाकीच्या फटींतून आपोआप आत येते.

उन्हाळ्यात दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

सकाळी दहाच्या सुमारास बंद करा आणि पडदे ओढा, सूर्य कलला की सगळं उघडा आणि रात्रभर उघडं ठेवा. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी पारा ३७-३८ पर्यंत जातो आणि पहाटे २२-२३ वर उतरतो. इतका फरक हे कोल्हापूरचं भाग्य आहे, किनारपट्टीच्या लोकांना तो मिळत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडत असतो. रात्रीचा वारा ती उष्णता धुऊन नेतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंती गार राहतात. उलट करणारे, म्हणजे दुपारी उघडं आणि रात्री चोराच्या भीतीने बंद ठेवणारे, उन्हाळाभर तापलेल्या तव्यावर झोपल्यासारखे झोपतात. चोराची भीती खरी आहे, त्यासाठी गज आणि ग्रिल घाला. वळवाच्या आधी धुळीचा वारा सुटतो तेवढ्यापुरतं मात्र धावपळ करून बंद करावंच लागतं.

पावसाळ्यात उघडलं तर दमट हवा आत येते. मग बंदच बरं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्यामागचा विचार चुकीचा नाही, अर्धा आहे. जुलैत बाहेरची हवा ९० टक्के दमट असते हे खरं. पण ती २४ अंशांची हवा तुमच्या २७ अंशांच्या खोलीत आली की तापते, आणि तापलेल्या हवेत पाणी मावायची जागा वाढते. तीच हवा आत आल्यावर साधारण ७५ टक्क्यांवर येते. उलट बंद घरात चुलीची वाफ, आंघोळीची वाफ, दोरीवरचे ओले कपडे आणि चार माणसांचे श्वास एकावर एक साचत जातात. बाहेरचा पाऊस भिंत भिजवतो त्यापेक्षा ही घरातली वाफ कपाटामागची भिंत जास्त भिजवते.

एका घरातला प्रसंग सांगतो. ऑगस्टमध्ये एक काकू म्हणाल्या, भिंत सोडा, आधी हे बघा. त्यांनी कॉटखालून पुठ्ठ्याचा खोका काढला. आत यजमानांच्या कापशी चपला, मुलीच्या लग्नात घेतलेल्या. चामड्यावर हिरवट-पांढरी लव उगवली होती, वेणीच्या पट्ट्यांच्या बारीक खाचांत तर कापूस भरल्यासारखी. खोका बंद, कॉट भिंतीला टेकलेली, भिंत पश्चिमेची, खोलीची खिडकी जूनपासून लावलेली. चपला बाहेर काढल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, सावलीत वाऱ्यावर ठेवल्या. कॉट भिंतीपासून वीतभर ओढली. पूर्वेची खिडकी दिवसा उघडी ठेवायला सांगितली. चपला वाचल्या, आणि भिंतीचा डागही पुढे वाढला नाही.

तेव्हा पावसाळ्यात असं करा. झड ज्या बाजूने येते ती पश्चिमेची खिडकी गरजेपुरती लावा, पण तिच्या वरचा झरोका छज्ज्याखाली सुरक्षित असेल तर उघडा ठेवा. पूर्वेच्या खिडक्या दिवसा उघड्याच. कपाटं, कॉट, गाद्यांची चवड पश्चिमेच्या भिंतीपासून चार बोटं तरी लांब. कपडे घरातच वाळवायचे असतील तर एकाच खोलीत, तिथली खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवून, आतलं दार लावून. सगळ्या घरात दोऱ्या बांधल्या की सगळ्या घराला वास लागतो. पिळलेल्या एक बादली कपड्यांतून दोन-तीन लिटर पाणी हवेत जातं, हे ध्यानात ठेवा.

तिखट भाजलं की शेजारचेही खोकतात. चिमणी घ्यावी का?

कांदा-लसूण मसाल्याचा वार हा कोल्हापूरच्या स्वयंपाकघराचा कसोटीचा दिवस. मिरच्या तव्यावर पडल्या की पहिल्या मिनिटाला आईला ठसका, दुसऱ्या मिनिटाला पाळण्यातल्या बाळाला. त्या दिवशी जमलं तर मिरच्या परड्यात किंवा गच्चीवर भाजा, आपल्या आज्या तेच करायच्या. सुकं खोबरं भाजतानाही धूर होतो.

रोजच्यासाठी साधा एक्झॉस्ट फॅन चांगला, पण तो शेगडीच्या जवळ आणि उंचावर हवा. आणि त्याला लागूनची खिडकी बंद ठेवा. ही चूक घरोघरी दिसते. पंखा भिंतीत वर आणि खिडकी त्याच्या शेजारी उघडी असली की पंखा त्या खिडकीतलीच हवा ओढून बाहेर टाकतो, शेगडीवरचा धूर जागच्या जागी. हवा खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, माजघराच्या दारातून यायला हवी, म्हणजे ती शेगडीवरून जाते.

चिमणी घेणार असाल तर पाइप बाहेर जाणारीच घ्या. बिनपाइपची चिमणी तेल आणि थोडा वास अडवते, पण वाफ आणि गॅस जळून तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड परत खोलीतच सोडते. लहान मुलांच्या दम्याला तो त्रासदायक आहे. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर धुराडं करून घ्या, आणि चुलीपुढे बसणारी बाई रोज किती धूर गिळते ते घरातल्या पुरुषांनी एकदा तासभर तिथे बसून बघावं.

बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. थंडीत झरोका बंद केला तर चालेल का?

नाही. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आमच्याच घरातली गोष्ट आहे. जानेवारीची सकाळ होती, धाकटा भाऊ आंघोळीला गेला. आदल्या रविवारी गार वारा येतो म्हणून बाथरूमच्या झरोक्याला मीच पुठ्ठा लावला होता, कडेने चिकटपट्टीसुद्धा. पाण्याचा आवाज येत राहिला, त्याचा येईना. आईने दोनदा हाक मारली. दार खांद्याने ढकलून उघडलं तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. ओढत गॅलरीत आणला, मग दवाखान्यात. तो वाचला. तो पुठ्ठा लावणारा माझा हात मला अजून दिसतो.

बंद जागेत गॅसला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो, त्यामुळे अंगाला प्राणवायू पुरत नाही, आणि तरी माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि पायातलं बळ जातं. कडी काढायची शुद्धच राहत नाही.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या जागी बसवून घ्या, फक्त गरम पाण्याचा नळ आत आणा. तोवर झरोका कायम उघडा ठेवा. बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळ करा. एकामागून एक चौघांनी सलग आंघोळ करू नका, मध्ये दार उघडं टाका. कुणी आत कोसळलं तर गॅस बंद, दारं-खिडक्या सताड, माणूस मोकळ्या हवेत आणि १०८ ला फोन. चक्कर आली असेल, पाणी शिंपडू, असं म्हणत बसू नका.

घरात बाळंतीण आहे. सासूबाई खिडकी उघडू देत नाहीत.

सासूबाईंच्या काळजीला अर्थ आहे. नवजात बाळाच्या अंगातली ऊब लवकर जाते, त्याच्या अंगावर थेट वारा नकोच. पण अंगावर वारा नको आणि खोलीत हवा नको, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्याशी असं बोलून बघा: आई, बाळ वाऱ्यात नाही ठेवत, फक्त वरचा झरोका उघडा ठेवू. कॉट खिडकी आणि दाराच्या रेषेतून बाजूला घ्या. बाळ-बाळंतीण न्हाणीत किंवा दुसऱ्या खोलीत असताना दहा मिनिटं सगळं उघडा, मग लावून घ्या. भिंती गार होत नाहीत, हवा मात्र बदलते.

निखाऱ्याच्या शेगडीबद्दल मात्र नमतं घेऊ नका. बंद खोलीत निखारे ठेवले की तोच कार्बन मोनॉक्साइड, आणि खोलीत झोपलेल्या दोघांपैकी एक जण पंधरा दिवसांचा. शेक गरम पाण्याच्या पिशवीने द्या. ओवा-शेपेच्या धुरीचा धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसाला नको.

उघडं ठेवलं की डास येतात.

जाळी लावा. जाळीने वारा कमी होतो, म्हणून खिडकी मुळात मोठी हवी, आणि महिन्यातून एकदा जाळी काढून धुवा. धुळीने भरलेली जाळी म्हणजे जवळजवळ भिंतच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त तिन्हीसांजेला खिडक्या लावून भागत नाही. वरच्या झरोक्यात कबुतरं बसत असतील तर तिथेही जाळी. विष्ठा कोरडी झाडू नका, तोंडाला फडकं बांधून, पाणी मारून, मग काढा.

रस्त्यालगत घर आहे. बाहेरची हवा तरी कुठे चांगली?

बरोबर आहे. गळीत हंगामात काजळी येते, शेतात पाला पेटवतात, दिवाळीत फटाके, चौकात वाहनांचा धूर. अशा तासांना बंदच ठेवा. पण ते तास ठरलेले असतात. रस्त्यावरची वर्दळ कमी असते तेव्हा, पहाटे आणि रात्री उशिरा, उघडा. रस्त्याच्या बाजूऐवजी मागच्या बाजूची खिडकी जास्त वापरा.

एसीतून ताजी हवा येते ना?

स्प्लिट एसीतून येत नाही. तो आतलीच हवा गार करून परत सोडतो. झोपण्याआधी आणि उठल्यावर खिडक्या पंधरा मिनिटं उघडा.

घरात क्षयरोगाचा रुग्ण आहे. खोली कशी ठेवावी?

क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. हवा बदलत राहिली की ते पातळ होत जातात, म्हणून घरच्यांसाठी उघडी खिडकी हा औषधाच्या खालोखालचा आधार आहे. रुग्णाची कॉट अशा जागी ठेवा की वारा घरातल्या माणसांकडून रुग्णाकडे आणि तिथून खिडकीबाहेर जाईल, उलटा नाही. उदबत्तीने दिशा तपासा. ऊनही आत येऊ द्या. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, ती मध्येच सोडू नका. आणि खोली हवेशीर असली की रुग्णाला अडगळीत टाकल्यासारखं वाटत नाही, हेही कमी महत्त्वाचं नाही.

जुन्या घराच्या चौकावर पत्रा घातला तर पाऊस आत येणार नाही. घालू का?

आमच्या घराला छोटा चौक होता. भोवती सोपा, मागे माजघर, त्याच्यामागे परडं. वडिलांनी एके वर्षी चौकावर पत्रा घातला, भिंतीला लागून, चहूबाजूंनी सिमेंटने बंद करून. पाऊस थांबला खरा. पण त्या वर्षीपासून माजघरात दुपारी दिवा लागायला लागला, धान्याच्या डब्यांना टोके लवकर यायला लागले आणि आजी सोप्यात झोपायची ती अंगणात झोपायला लागली.

चौक म्हणजे घराची चिमणी. ऊन चौकात पडतं, तिथली हवा तापते, वर चढते आणि तिच्या जागी चारी खोल्यांतली हवा ओढली जाते. वारा पडलेला असतानाही हे चालू असतं. बंद पत्र्याने ही ओढच मोडते आणि वर तापलेल्या पत्र्याची धग खाली येते.

मी काम शिकल्यावर पहिलं काम ते केलं. पत्रा काढला नाही, दीड फूट वर उचलला. लोखंडी अँगलवर बसवला, कडा भिंतीच्या बाहेर दोन फूट काढल्या म्हणजे झड आत येऊ नये, उघड्या पट्टीला जाळी लावली आणि मध्ये दोन पारदर्शक पत्रे टाकले. संध्याकाळी आजी सोप्यात येऊन बसली आणि पदर वाऱ्याने हलतोय ते बघत राहिली. काही बोलली नाही. रात्री तिचं अंथरूण परत सोप्यात होतं.

तेव्हा घाला, पण उचलून घाला.

आमच्या बाथरूमची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते.

डक्ट वरून उघडी आहे का ते गच्चीवर जाऊन बघा. पुष्कळ ठिकाणी पाऊस नको म्हणून ती पत्र्याने झाकलेली असते आणि मग सगळ्या मजल्यांचा वास सगळ्या मजल्यांना. सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा. वर सांगितलेला दीड फुटाचा उपाय इथेही चालतो.

पुराचं पाणी घरात येऊन गेलं. रंग कधी लावायचा?

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आपल्या कितीतरी गल्ल्यांना घर सोडावं लागतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ओसरल्यावर मी ज्या घरांत गेलो, तिथे गणपतीच्या आधी रंग लावायची सगळ्यांनाच घाई होती. ती घाई समजते, घर परत आपलं वाटायला हवं असतं. पण भिजलेली भिंत वाळायला महिने लागतात. वर रंग चढला की ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी पोपडा होऊन बाहेर येते.

आधी गाळ काढा, धुवा, मग पाऊस उघडला की सगळ्या दारं-खिडक्या दिवसभर सताड ठेवा. सगळं फर्निचर खोलीच्या मध्यभागी ओढा म्हणजे भिंतींना वारा लागेल. फुगलेलं प्लास्टर खरवडून टाका. तळहात भिंतीला लावल्यावर गार लागतो तोवर ती ओली आहे असं समजा. सणाला तात्पुरता चुना मारा. चुन्यातून भिंत श्वास घेते, ऑइलपेंटमधून घेत नाही.

भाड्याचं घर आहे. तोडफोड करता येत नाही.

सामान हलवता येतं ना? खिडकीपुढचं कपाट काढा, माळ्यावर झरोका झाकणारी पुठ्ठ्याची खोकी उतरवा, जाड पडदे दिवसा बाजूला बांधा, आतल्या दारांना अडकवणी लावा म्हणजे ती आपटून बंद होणार नाहीत. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

नवीन घर बांधतोय. गवंड्याला काय सांगू?

प्रत्येक खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतींत उघडी जागा. कोपऱ्यातली खोली असेल तर हे सोपं आहे, मधल्या खोलीला दारावर झरोका ठेवून साधता येतं. झोपायच्या खोलीत खिडकीची खालची कड पलंगाच्या उंचीच्या जवळपास, म्हणजे वारा झोपलेल्या अंगावरून जाईल. ती चार फुटांवर असेल तर वारा डोक्यावरून जातो. अशा खाली आलेल्या खिडकीला ग्रिल हवंच, घरात लहान मुलं असतात. खिडकीवर छज्जा दोन फुटांचा. जिन्याच्या डोक्यावर उघडणारी खिडकी, कारण जिना हाच आजच्या घरातला चौक आहे.

आणि छताखालचे झरोके. नकाशात ते असतात, पण लिंटेलच्या, म्हणजे खिडकी-दारावरच्या काँक्रीटच्या पट्टीच्या, वर भिंत चढवताना मिस्त्री म्हणतो, राहू दे साहेब, कबुतरं येतात, आणि घरमालक मान डोलावतो. मग फॉल्स सीलिंग होतं आणि विषयच संपतो. लिंटेलचं काँक्रीट झाल्यावर वरचे तीन थर चढतील त्या दिवशी कामावरून सुट्टी घ्या, टेप घेऊन साइटवर जा आणि प्रत्येक झरोक्याची जागा खडूने स्वतः आखून द्या.